घरातल्या मोठ्यांच्या लशी : कार्ड कुणाकडे आहे?

तिठ्यावरची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीत साबुंना (सासरेबुवा, वय ७१) नागीण झाली. नरक चतुर्दशीला उटणं लावताना म्हणाले, उजव्या बरगडीखाली आग होतेय. उटण्यातलं काहीतरी लागलं असेल म्हणून वरून खोबरेल चोपडलं आणि फराळाला बसलो. दुसऱ्या दिवशी तिथे लालसर पट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड, द्राक्षाच्या घोसासारखे एकाला एक चिकटून. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी निदान केलं आणि गेरू उगाळूनच आणला. वर सल्ला, "विळखा पुरा व्हायच्या आत उतरवून घ्या. तोंड-शेपूट जुळलं की माणूस हाती लागत नाही." नेहमीचे डॉक्टर गावी गेलेले. भाऊबीज उरकून दवाखाना गाठला तोवर चौथा दिवस उजाडला होता. डॉक्टर म्हणाले, विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर खरा उपयोग, आता देऊ पण उशीर झालाय.

फोड तीन आठवड्यांत वाळले. वेदना राहिली. सहा महिने झाले, अजून आहे. साबु घरात बंडी उलटी घालतात, कारण आतली शिवण त्या जागेला लागली तरी वीज चमकल्यासारखं होतं म्हणे. रात्री दोन-दोन वाजता गॅलरीत उभे असतात.

त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "लस घेतली होती का कधी?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. अशी लस असते हेच माहीत नव्हतं. लेकीचं लसीकरणाचं कार्ड लॅमिनेट करून कपाटात आहे. घरातल्या कुत्र्याचंसुद्धा कार्ड आहे, त्याच्यावर फोटो आहे! साबांचं (सासूबाईंचं) आणि साबुंचं काहीच नाही. माझं आणि नवऱ्याचं पण नाही.

तर प्रश्न : मोठ्या माणसांनी कुठल्या लशी घ्यायच्या असतात? तुमच्या घरी कुणी घेतल्यात का? आणि हा हिशेब घरात ठेवतं कोण?

कोरा चहा

साबुंना लवकर आराम पडो. आमच्या आईला डोळ्यापाशी झाली होती, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर फोड. नाकाच्या शेंड्यावर आले की डोळ्याला धोका असतो, तिथल्या तिथे डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळा. आम्हाला हे एका रिक्षावाल्याने सांगितलं, त्याच्या वडिलांना झालेली होती. खोटं नाही सांगत.

खडीसाखर

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या गावी. इथे लिहितोय ते सर्वसाधारण आहे, आपापल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

आधी त्या विळख्याचा निकाल लावू. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही, मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, साखर वाढली, स्टिरॉइड किंवा कॅन्सरची औषधं सुरू झाली की प्रतिकारशक्तीचा पहारा सैल होतो आणि तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो आणि पाठी-पोटाच्या मधल्या रेषेवर थांबतो. उजव्या बाजूचा मज्जातंतू डावीकडे जातच नाही, तर तोंड-शेपूट जुळणार कसं? गेरूने फोड बरे होत नाहीत, ते आपले आपण वाळतात. पण श्रेय गेरूला जातं आणि ७२ तास निघून जातात, हा खरा तोटा.

आता लस. शिंग्रिक्स नावाने २०२३ पासून आपल्याकडे मिळते. पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस, मध्ये २ ते ६ महिन्यांचं अंतर. जिवंत विषाणू नाही, त्याच्या आवरणावरचं एक प्रथिन आणि ते शरीराच्या नजरेत भरावं म्हणून एक साहाय्यक द्रव्य. चाचण्यांमध्ये सत्तरीपुढच्या लोकांतही तिचं संरक्षण नव्वद टक्क्यांच्या आसपास दिसलं, आणि म्हाताऱ्या माणसात एखादी लस इतकी चालणं ही साधी गोष्ट नाही. नागीण होऊन गेलेल्यांनीही फोड पूर्ण बरे झाल्यावर घ्यायची असते, कारण ती पुन्हा होऊ शकते. मात्र साबुंची आत्ताची वेदना लसीने जाणार नाही. तिची औषधं वेगळी आहेत. ती झोपेच्या गोळ्यांसारखी नसतात, हळूहळू वाढवत न्यावी लागतात. दोन दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका.

बाकीच्या लशींचं संध्याकाळी लिहितो, ओपीडी आहे.

उंटावरचा

म्हणजे आता मोठ्यांना पण टोचत सुटायचं. आमची आजी ९४ वर्षं जगली, आयुष्यात एक सुई नाही. रोज पहाटे थंड पाण्याने आंघोळ, हातसडीचा तांदूळ, दिवसभर शेतात. सवयी चांगल्या असतील तर लस कशाला?

पेन्शनर क्र. १

उंटावरचा, तुमच्या आजींना नमस्कार. त्यांची भावंडं किती होती आणि त्यांतली किती मोठी झाली, हेही घरात विचारून पहा. माझ्या आजोबांची नऊ, त्यांतली जगली चार. नव्वदी गाठलेली आजी आपल्याला दिसते, बाकीची दिसायला शिल्लक नसतात.

माझा जन्म १९५२ चा. डाव्या दंडावर देवीचे दोन वण आहेत, चवलीएवढे. शाळेत देवी काढायला माणूस आला की आम्ही मागच्या खिडकीतून उड्या मारायचो. आता तो वण नव्या पिढीच्या दंडावर दिसत नाही, कारण रोगच गेला. आपल्या देशात देवीची पहिली लस दिली गेली मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. रोग जायला पुढची पावणेदोनशे वर्षं लागली.

आणि प्लेगचं तर काय सांगावं. वडील सांगायचे, गावात उंदीर पडायला लागले की माणसं घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायची. त्या साथीत मुंबईला हाफकिनसाहेबाने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढे आले. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. अवांतर झालं, पण राहवलं नाही.

आता मुद्द्याचं. आम्ही दोघं नवरा-बायको. नागिणीच्या लशीचा एक डोस दहा-अकरा हजारांच्या घरात जातो म्हणतात. दोघांचे चार डोस. माझ्या पेन्शनीत हे कसं बसवायचं, ते खडीसाखर यांनी सांगावं.

तिठ्यावरची

+१. हाच प्रश्न विचारणार होते. मेडिक्लेमवाल्यांना फोन केला, अर्धा तास गाणं ऐकवून "कव्हर होत नाही" म्हणाले.

खडीसाखर

पेन्शनर काका, पैशाचा प्रश्न अगदी रास्त आहे. सरकारी कार्यक्रमात मुलं आणि गरोदर बायका आहेत. म्हाताऱ्यांच्या बहुतेक लशी खिशातूनच घ्याव्या लागतात, ही आपल्याकडची मोठी उणीव. मी माझ्या पेशंटना क्रम लावून देतो.

पहिली फ्लूची. दरवर्षी घ्यायची, कारण विषाणू वेष बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या हंगामाचे वाण ठरवते आणि त्यावरून लस बनते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूची मोठी लाट येते, थंडीत आणखी एक छोटी. म्हणून मी पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे-जूनच्या सुमारास देतो. खोक्यावर चालू वर्षाचा हंगाम आहे ना, ते बघून घ्या. मागच्या वर्षीची उरलेली गळ्यात मारणारे असतात. आणि "लस घेतली तरी सर्दी झाली" ही तक्रार मला दरवर्षी येते. सर्दी वेगळी, फ्लू वेगळा. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण आयसीयू टळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. २००९ चा ऑगस्ट पुण्यात ज्यांनी काढलाय त्यांना हे समजावावं लागत नाही. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू तिथलाच.

दुसरी न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोकॉकस या जंतूवरची. ही दरवर्षी नाही. बरीच वर्षं आम्ही आधी १३ प्रकारांवरची आणि वर्षभराने २३ प्रकारांवरची देत आलोय. आता एकाच डोसात भागेल अशी २० प्रकारांवरचीही आली आहे. साठीपुढचे, मधुमेही, दमेकरी, हृदयाचे पेशंट आणि अपघातात प्लीहा काढलेले लोक, या शेवटच्यांनी तर चुकवूच नये.

या दोन झाल्या आणि हात मोकळा असला की नागिणीची. पोरं वाढदिवसाला मोबाइल देतात, त्याऐवजी एक डोस मागा.

धनुर्वाताची तर वडापावच्या पैशात होते. इथे आपल्या लोकांची उलटी तऱ्हा आहे : खिळा लागला, पत्रा लागला की वर्षातून तीनदा टीटी टोचून घेतात, आणि काही लागलं नाही तर तीस वर्षं घेत नाहीत. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर दर दहा वर्षांनी एक पुरे, घाणेरडी जखम असली तर पाच वर्षं उलटलीत का ते बघतात. शिवाय आता नुसती टीटी मागू नका. २०१९ पासून सरकारी कार्यक्रमातही तिच्या जागी टीडी आली, तिच्यात घटसर्पाचाही अंश असतो.

जर्सीतली काकू

टीटीवरून आमची फजिती सांगते. मुलीचं बाळंतपण इथे न्यू जर्सीला. व्याही-विहीणबाई नाशिकहून यायच्या होत्या. मुलीच्या डॉक्टरने निक्षून सांगितलं, बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला, तिन्हींवरची) आणि फ्लूची लस निदान दोन आठवडे आधी घेतलेली हवी. डांग्या खोकल्यासाठी. मोठ्यांना तो नुसता लांबलेला खोकला वाटतो, पण तान्ह्याचा श्वास थांबतो, आणि बाळाची स्वतःची लस दीड-दोन महिन्यांनी सुरू होते. तोवर आजूबाजूचे लोक हीच त्याची भिंत.

विहीणबाई तिथे एका दवाखान्यात गेल्या, तिथल्या माणसाने "टीडॅप म्हणजे तेच हो, टीटी" म्हणून टीटी टोचून पाठवलं. इथे आल्यावर कागद बघितला तर डांग्या खोकल्याचं नावच नाही. मग इथल्या फार्मसीत पुन्हा घेतली, डॉलर मोजून. बाईंनी दोन आठवडे मास्क लावून लांबून नातू पाहिला आणि मेथीचे लाडू तेवढे आत पाठवले. येणाऱ्या आजी-आजोबांनी नाव नीट लिहून न्या : टी-डॅ-प. गरोदरपणात मुलीने स्वतः २७ ते ३६ आठवड्यांच्या मध्ये घ्यायची असते, मग बाळ थोडं संरक्षण घेऊनच येतं.

पांढरा एप्रन

मी ३१ वर्षं सिस्टर होते, त्यातली २० प्राथमिक आरोग्य केंद्रात. लस कुठली ते डॉक्टर सांगतील, ती कशी आणायची ते मी सांगते, कारण तिथेच घोळ होतो.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतले एक काका मेडिकलमधून फ्लूची लस घेऊन आले, साध्या कागदी पिशवीत, तीही स्कूटरच्या डिकीतून. एप्रिलचं ऊन. मी म्हटलं, आता ही टोचली काय आणि मिठाचं पाणी टोचलं काय, सारखंच. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. दुसऱ्या टोकाला असे लोक की थेट बर्फात रुतवून आणतात. तेही चुकीचं. धनुर्वात, कावीळ ब, नागीण, या लशी गोठल्या की गेल्या, परत वितळल्या तरी उपयोग नाही. आम्ही डीप फ्रीजरमधला आइसपॅक काढून आधी ओट्यावर ठेवायचो. त्याला घाम फुटला आणि कानाशी हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मगच लशीच्या डब्यात. तोवर नाही. शक्यतो जिथे टोचायची तिथल्याच फ्रीजमधली घ्या. फ्रीज उघडल्यावर आत दही आणि कोल्ड्रिंक दिसलं तर नमस्कार करून निघा.

सरकारी लशींच्या बाटलीवर एक गोल असतो, त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोघांचा रंग एक झाला की टाकून द्यायची. टोचण्याआधी बाटली दाखवा म्हणायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही. (मला तरी यायचा नाही.)

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. दंड दुखेल, कणकण येईल, नागिणीच्या लशीला जरा जास्तच. एक-दोन दिवसांत जातं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, बारीक सुई वापरून जागा जास्त वेळ दाबून धरतात. चोळायचं मात्र नाही.

आणि हो, मोठ्यांना लस म्हटलं की लोक हसतात. २०२४ मध्ये आपल्याकडे मोठ्यांना बीसीजी (जन्मल्या बाळाला देतात ती टीबीची लस) द्यायची मोहीम निघाली, साठीपुढचे, मधुमेही, विडी-सिगारेट ओढणारे, घरात टीबी होऊन गेलेले, अशांसाठी. गावातल्या आज्या म्हणायच्या, "बाई, पाळण्यात घालतेस का काय आता मला?"

उंटावरचा

ठीक आहे, आजीचा मुद्दा मागे. पण सवयींचं काय? सगळा भर सुईवरच का?

पांढरा एप्रन

सवयी सोडून द्या असं कोण म्हणालं? पण सवय म्हणजे थंड पाण्याची आंघोळ नव्हे हो. तुमच्या घरी माठातलं पाणी कशाने काढता? ओगराळ्याने की पेला बुडवून? एका लग्नघरात मी अकरा जणांना एकामागोमाग कावीळ झालेली पाहिली. विहिरीचं पाणी पिंपात, आणि पिंपात ज्याचा त्याचा पेला, बोटांसकट. हात साबणाने धुवायचे ते जेवल्यावर नाही, जेवणाआधी आणि कणीक मळायच्या आधी. खोकला आला की पदरात किंवा कोपरात. आणि मिश्री! बायका दात घासतात असं सांगून दिवसातून चार वेळा तंबाखू लावतात, त्याला व्यसन म्हणतच नाहीत. तोंडाच्या कॅन्सरवर लस नाही.

खडीसाखर

सिस्टरांना अनुमोदन. एक भर : पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलात आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीमुळे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) डॉक्सीसायक्लिन ही गोळी लागते का ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. मुंबई-कोकणातल्यांना नवीन नाही, पण ताप यायची वाट बघत बसतात. आणि मधुमेह्यांची साखर आटोक्यात असणं, रात्री सात तास झोप, रोजचं चालणं, हे सगळं लशीच्या सोबतीने चालतं, तिच्या बदल्यात नाही.

कुत्रा चावला तर मात्र सवय-बिवय काही नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मिरची-चुना-हळद भरायची नाही. लगेच सरकारी दवाखाना, तिथे लस फुकट मिळते. खोल किंवा रक्त आलेली जखम असेल तर जखमेत द्यायचं सीरमही मागून घ्या. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, आता दंडात चार-पाच डोस. त्या चौदाच्या भीतीने लोक अजून लपवतात.

कोरा चहा

वाखूसा (वाचनखूण साठवली). नागिणीच्या लशीने विसराळूपणा कमी होतो असंही कुठेसं वाचलं. खरं का?

खडीसाखर

वेल्समध्ये २०१३ साली जन्मतारखेवरून ठरलं की कुणाला लस मिळणार, कुणाला नाही. काही आठवड्यांच्या फरकाने जन्मलेल्या दोन गटांची तुलना पुढे सात वर्षं झाली, त्यात लस मिळालेल्यांत डिमेन्शिया साधारण एक पंचमांशाने कमी दिसला. २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण ती जुनी, जिवंत विषाणूची लस होती, आणि कारण अजून उलगडलेलं नाही. मी त्यासाठी म्हणून लस देणार नाही. नागिणीसाठी दिली आणि ते पदरात पडलं तर चांगलंच.

तिठ्यावरची

धागा वर काढतेय, महिनाभराने. सगळ्यांचे आभार, अगदी उंटावरच्यांचेही.

साबु-साबांची फ्लूची झाली. साबुंनी नागिणीचा पहिला डोस घेतला, दुसऱ्या दिवशी दंड धरून बसले होते, "बरगडीचं दुखणं विसरलो बघ" म्हणाले. दुसऱ्या डोसची तारीख कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिली आहे. माझी आणि नवऱ्याची टीडी झाली. वहीचं एक पान प्रत्येकाच्या नावाने केलंय, बाटलीवरचा स्टिकर तिथेच चिकटवायचा.

आणि गंमत म्हणजे साबुंचं कार्ड सापडलं! एलआयसीच्या पावत्यांच्या पिशवीत. "कावीळ ब प्रतिबंधक लसीकरण शिबिर, १९९९", पिवळं पडलेलं. पहिला डोस, दुसरा डोस, सही-शिक्का. तिसऱ्याचा रकाना कोरा. खडीसाखर, आता पहिल्यापासून सगळे घ्यायचे का?

खडीसाखर

वा! १९९७ मध्ये शांता बायोटेकची देशी लस आली, किंमत धाडकन खाली आली, त्यानंतर गल्लोगल्ली ही शिबिरं व्हायची. सहा महिन्यांनी तिसरा डोस असायचा आणि तोवर मांडवही नसायचा, माणसंही नसायची. पहिल्यापासून घ्यायची गरज नाही, राहिलेला तेवढा घ्या. महिना-दोन महिन्यांनी रक्तात संरक्षण आलंय का ते तपासता येतं, आकडा दहाच्या वर हवा.

तिठ्यावरची

आज सकाळी घेऊन आलो. साबु ते जुनंच कार्ड घेऊन गेले, नवीन नको म्हणाले. कंपाउंडरने तारखा बघितल्या, परत बघितल्या आणि विचारलं, "आजोबा, एवढा उशीर?"

साबु म्हणाले, "नंबर आत्ता लागला."